साथीदाराची स्मृती
फ्लॅमेंको गायनाच्या एका संकलनाची कथा

इ. स. १९५४ साली फ्रान्समध्ये तीन दीर्घ ध्वनिमुद्रिकांचा एक संच प्रसिद्ध झाला. ‘आन्तोलोहिया देल कांते फ्लामेंको’ हे त्याचे नाव. ‘फ्लॅमेंको गायनाचे संकलन’ एवढाच त्याचा अर्थ. गाणी होती स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतातली, गाणारे-वाजविणारेही स्पेनचेच; पण संच काढला तो द्युक्रेते-थॉमसन या फ्रेंच कंपनीने. हिस्पाव्होक्स कंपनीने तो स्पेनमध्ये आणला तेव्हा १९५८ साल उजाडले होते. फ्रान्सच्या शार्ल क्रो अकादमीचा मानाचा पुरस्कारही त्याला लाभला. घरच्यांनी माळ्यावर टाकलेले भांडे शेजाऱ्याने उचलून घासावे आणि मग ते चांदीचे असल्याचे घरच्यांना कळावे, तसे काहीसे या गाण्यांचे झाले.

या संचात गायक अनेक आहेत, गिटारवादक मात्र एकच आहे. त्याचे नाव पेरिको एल देल लुनार. स्पॅनिश भाषेत ‘लुनार’ म्हणजे अंगावरचा तीळ. तिळवाला पेरिको या टोपणनावानेच तो ओळखला जाई. कोणती गाणी घ्यावीत, ती कोणी गावीत आणि कशी गावीत, यामागे मुख्यतः त्याचेच मार्गदर्शन होते. तो स्वतः गायक नव्हता. आयुष्यभर त्याने इतरांच्या गाण्याला साथ केली. तरीही विस्मृतीत चाललेली कितीतरी गाणी पुन्हा लोकांपुढे आली ती या साथीदाराच्या स्मरणशक्तीमुळे. परंपरा नेमकी कोण जपतो, या प्रश्नाचे एक उत्तर या संचाच्या कथेत आहे. ते समजण्यासाठी मात्र थोडे मागे जायला हवे.

फ्लॅमेंको म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते झालरीच्या घेरदार झग्यातील नर्तकी, टाचांचा ठेका आणि हातातल्या लाकडी चिपळ्या. पर्यटकांसाठी छापलेल्या चित्रांनी ही प्रतिमा जगभर पोहोचविली. जाणकार मात्र सांगतात की या कलेचा गाभा नृत्य नाही, गायन आहे, ‘कांते’ आहे. त्यातही जुन्यात जुने समजले जाणारे काही प्रकार केवळ कंठातून गायिले जातात. त्यांना गिटारचीही साथ नसते. गाण्याचे शब्द मोजके, तीन-चार ओळींचे. विषय आईचा, मरणाचा, तुरुंगाचा, गरिबीचा, हुकलेल्या प्रेमाचा. गायक एखादा शब्द दीर्घकाळ धरून ठेवतो, त्याचा स्वर सुरांच्या मधल्या बारीक जागांतून घसरत जातो आणि ऐकणाऱ्याला ते गाणे आहे की विलाप, असा प्रश्न पडतो. आपल्या एकतालाप्रमाणे काही प्रकारांत बारा मात्रांचे आवर्तन असते, पण जोर समान अंतरावर पडत नाही. ‘सोलेआ’ या प्रकारात तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर येतो. सवय नसलेल्या कानाला हा हिशेब चटकन सापडत नाही.

हे गायन घडविण्यात आंदालुसियातील अनेक लोकांचा वाटा आहे, परंतु जिप्सींचा वाटा त्यात फार मोठा. स्पेनमध्ये त्यांना ‘हितानो’ म्हणतात. ते इजिप्तहून आले अशी जुनी समजूत होती, तिच्यावरून हे नाव पडले. खरे पाहता त्यांच्या भाषेने त्यांचे मूळ घर केव्हाच उघड केले आहे. रोमानी भाषा आपल्या मराठी-हिंदीच्याच कुळातली. पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, नाकाला ‘नाख’, माणसाला ‘मानुष’, आणि दोन-तीन-पाच मोजायचे तर ‘दुई, त्रिन, पांज’. स्पेनमधील जिप्सी स्वतःला ‘कालो’ म्हणवितात. त्याचा अर्थ ‘काळा’. मुलाला ते ‘छावो’ म्हणतात. हा शब्द आणि आपला ‘छावा’ एकाच मुळातून निघाले असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. याचा अर्थ फ्लॅमेंको भारतातून गेले असा मात्र नव्हे. हंगेरीतील किंवा रुमानियातील जिप्सींचे संगीत अगदी निराळे आहे. फ्लॅमेंको घडले ते आंदालुसियाच्या मातीत, तिथल्या लोकगीतांच्या, मूर आणि यहुदी समाजांनी मागे ठेवलेल्या सुरांच्या सहवासात.

जिप्सी स्पेनमध्ये आले ते यात्रेकरू म्हणून. १४२५ साली आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने त्यांच्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिल्याची नोंद आहे. यात्रेकरूचा सत्कार करणे हे त्या काळी पुण्यकर्म समजले जाई. त्यामुळे सुरुवातीला त्यांचे स्वागत झाले. हा जिव्हाळा फार काळ टिकला नाही. १४९९ साली राजा फर्दिनांद आणि राणी इसाबेला यांनी हुकूम काढला : भटक्या जिप्सींनी साठ दिवसांत एखाद्या मालकाच्या आश्रयाला स्थिर व्हावे, नाहीतर देश सोडावा. पुढे त्यांच्या पेहरावावर, भाषेवर, एकत्र राहण्यावर बंदी घालणारे हुकूम एकामागून एक निघत राहिले. जुलै १७४९ मध्ये तर सहाव्या फर्दिनांदच्या राज्यात मार्केस दे ला एन्सेनादा या मंत्र्याच्या योजनेनुसार देशभर एकाच वेळी धरपकड झाली. सुमारे नऊ हजार जिप्सी पकडले गेले. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीला धाडले, बायका-मुलांना वेगळे कोंडले. नवरा-बायकोची ताटातूट करण्यामागे ही जमातच पुढे वाढू नये हा हेतू होता. शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला १७६५ साल लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी डोळ्यांआड करू नये. चर्चच्या आवारात शिरणाऱ्याला आश्रय देण्याचा जुना हक्क होता. धरपकडीत अडथळा येऊ नये म्हणून जिप्सींचा तो हक्क आधीच काढून घेण्यात आला आणि त्याला ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांची संमती मिळाली. पोलिसांच्या भयाने धावत आलेल्यांना देवळाचे दार बंद झाले.

आणि तरीही, त्या धरपकडीला पुरती चार वर्षे झाली नाहीत तोच, १७५३ साली सेव्हिल शहरालगतच्या त्रियाना वस्तीत जिप्सींनी आपला एक बंधुसंघ स्थापन केला. ‘लोस हितानोस’ या नावाने तो आजही प्रसिद्ध आहे. दरवर्षी शुभ शुक्रवारच्या पहाटे ख्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताची आणि दुःखी मातेची मूर्ती घेऊन या संघाची मिरवणूक सेव्हिलच्या रस्त्यांतून निघते. ज्यांना दारातून परत पाठविले, त्यांनी रस्त्यावरच्या ख्रिस्ताला सोडले नाही. ख्रूस खांद्यावर घेऊन चाललेला, शिपायांच्या पहाऱ्यातला प्रभू त्यांना आपल्यातलाच वाटला असेल, तर त्यात नवल ते काय?

या मिरवणुकांतच ‘साएता’ हा गानप्रकार ऐकू येतो. साएता म्हणजे बाण. सतराव्या-अठराव्या शतकांत फ्रान्सिस्कन आणि कापुचिन मिशनरी गावोगाव फिरून पश्चात्तापाला आवाहन करणारी छोटी कवने रस्त्यांतून म्हणत असत. अंतःकरणाला भिडणारी म्हणून ती ‘बाण’ ठरली. लोकांनी ती उचलली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्लॅमेंको गायकांनी त्यांना आपल्या गंभीर सुरावटी दिल्या. मिरवणुकीतील मूर्ती एखाद्या सज्जाखाली थांबते, बँड गप्प होतो, गर्दी श्वास रोखते आणि वरून एकच आवाज उठतो. साथीला वाद्य नाही. गाणे संपले की मूर्ती पुढे सरकते. आपल्याकडे गोव्यात प्रायश्चित्तकालातील ‘सांतुस पासुस’च्या मिरवणुकीत मोटेट गायिली जातात. त्यांचे संगीत निराळे, पण दुःखसहनाचे स्मरण रस्त्यावर आणून गाण्याची ही रीत इबेरियातूनच आपल्याकडे आली.

आता गायनाच्या इतिहासाकडे वळू. १८४७ साली एस्तेबानेस काल्देरोन या लेखकाने आंदालुसियातील जीवनाची शब्दचित्रे प्रसिद्ध केली. त्रियानातील एका मैफलीचे त्यातले वर्णन या कलेचा महत्त्वाचा जुना पुरावा समजले जाते. १८८१ साली आन्तोनियो माचादो ई आल्वारेस यांनी फ्लॅमेंको गीतांचा संग्रह छापला. प्रसिद्ध कवी आन्तोनियो माचादो यांचे ते वडील. तोपर्यंत गायन घरांतून, लोहारांच्या भट्ट्यांतून आणि खाणावळींतून निघून गाण्याच्या कॅफेंमध्ये येऊन बसले होते. त्यातून पोट भरणारे व्यावसायिक गायक तयार झाले. त्यांच्यातला मुकुटमणी हेरेस गावचा आन्तोनियो चाकोन (१८६९-१९२९). तो जिप्सी नव्हता. त्याच्या नावामागे लोक आदराने ‘दोन’ लावीत. गायकाला असा मान मिळणे त्या काळी दुर्मीळ होते.

याच चाकोनच्या अध्यक्षतेखाली १९२२ च्या जूनमध्ये ग्रानादा येथील आल्हाम्ब्रा राजवाड्यात एक गायनस्पर्धा झाली. संगीतकार मान्युएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का हे तिचे पुरस्कर्ते. फाया हे अत्यंत श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी या गायनाच्या उगमाचा विचार करताना तीन प्रवाह दाखविले : स्पेनमधील ख्रिस्तसभेने स्वीकारलेले बायझंटाइन उपासनागायन, मूरांचे आगमन आणि जिप्सींचे स्थलांतर. खरे गाणे धंदेवाईक गायकांनी नव्हे, साध्या लोकांनी जपले आहे, या समजुतीने स्पर्धेत व्यावसायिकांना प्रवेश नव्हता. बक्षिसे मिळविणाऱ्यांत दिएगो बेर्मूदेस हा वृद्ध गायक होता आणि मानोलो काराकोल हा बारा वर्षांचा मुलगाही होता. पुढे हाच मुलगा मोठा व्यावसायिक गायक झाला. साधे लोक आणि धंदेवाईक यांच्यातली ती रेघ फायांना वाटली तितकी सरळ नव्हती.

स्पर्धेने गाजावाजा झाला, पण प्रवाह काही फिरला नाही. १९२० नंतरच्या काळात ‘फ्लॅमेंको ऑपेरा’ नावाचे खेळ बैलझुंजीच्या आखाड्यांत आणि मोठ्या नाट्यगृहांत होऊ लागले. ऑपेरा म्हटले की सरकारी कर कमी बसे, म्हणून हे नाव. श्रोते वाढले, तसे हलके, गोड, कानाला लगेच आवडणारे प्रकार पुढे आले आणि जड गाणी मागे पडली. ध्वनिमुद्रिकांच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. संथपणे उलगडणाऱ्या गाण्याला तिथे जागा कुठली? त्यातच १९३६ ते १९३९ चे यादवी युद्ध आले. युद्धानंतरच्या उपासमारीच्या वर्षांत गायकांना श्रीमंतांच्या खाजगी बैठकींवर गुजराण करावी लागली. जुनी गाणी जाणणारे म्हातारे होऊन एकेक जात होते. त्यांचे शिष्य कोण, हे कोणी विचारत नव्हते.

हीच पेरिकोच्या जीवनाची पार्श्वभूमी. १८९४ साली हेरेसमध्ये जन्मलेला हा वादक माद्रिदला आला आणि चाकोनच्या उतारवयात त्याला साथ करू लागला. फ्लॅमेंकोत साथीदाराचे काम फार जोखमीचे. गायक कुठे थांबेल, कोणता स्वर लांबवील, कोणत्या क्षणी ठेक्यावर उतरेल, हे आधीच ओळखून बोटे तयार ठेवावी लागतात. त्यासाठी प्रत्येक गाण्याचा सांगाडा डोक्यात पक्का असावा लागतो. गायक आपले आवडते चार प्रकार गाऊन निभावून नेईल. साथीदाराला सर्वांचे सर्व यावे लागते. चाकोन १९२९ मध्ये वारला. त्याच्या गळ्यातली ‘कान्या’सारखी भारदस्त गाणी पुढे फारशी कोणी गात नव्हते, पण ती पेरिकोच्या बोटांत आणि कानांत होती. पंचवीस वर्षे ती तिथे राहिली.

सुदैवाने त्याच सुमारास नवे तंत्र हाताशी आले. १९४८ साली अमेरिकेत दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. एका गाण्यापुरता नव्हे, तर गानप्रकारांच्या अख्ख्या कुटुंबाचा परिचय करून देणे आता शक्य झाले. संकलनाच्या कल्पनेला योग्य वेळ साधली.

पेरिकोने गोळा केलेले गायक त्या काळी प्रसिद्धीच्या झोतात नव्हते. राफाएल रोमेरो हा आन्दुहार गावचा जिप्सी. चाकोनची ‘कान्या’ पेरिकोने त्याच्याकडून गाऊन घेतली आणि ती पुढे रोमेरोच्या नावानेच ओळखली जाऊ लागली. पेपे एल दे ला मात्रोना हा १८८७ साली सेव्हिलमध्ये जन्मलेला बुजुर्ग. ‘मात्रोना’ म्हणजे सुईण. आईच्या व्यवसायावरून त्याला हे नाव मिळाले. बेर्नार्दो एल दे लोस लोबितोस याचे नाव त्याने गायिलेल्या लांडग्याच्या पिलांच्या गाण्यावरून पडलेले. त्याने संचात अंगाईगीते आणि खळ्यावर मळणी करताना म्हणायची गाणी गायिली. काडीझचा पेरिकोन होता. हासिंतो आल्मादेन हा पाऱ्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या आल्मादेन गावचा. ते गाव तर आंदालुसियाच्या हद्दीबाहेरचे. सुईणीचा मुलगा, खाणीच्या गावचा माणूस, खळ्यावरचे गाणे : नुसत्या नावांवरून नजर फिरविली तरी हे संगीत कोणाच्या घरचे आहे ते कळते.

संचाचा खरा उपयोग झाला तो त्यातील मांडणीमुळे. श्रोत्याला एकेका प्रकाराची ओळख व्हावी, अशी ती होती. वाद्याविना गायची ‘तोना’ आणि ‘मार्तिनेते’ त्यात आहेत. मार्तिनेते हे लोहाराचे गाणे; हातोड्यासाठी असलेल्या स्पॅनिश शब्दावरून त्याला नाव मिळाले. साएता आहेत. ‘सिगिरिया’ आणि ‘सोलेआ’ ही गंभीर गाणी आहेत, तशीच काडीझची उल्हासाची गाणीही आहेत. सोबत तोमास आन्द्रादे दे सिल्वा यांची माहितीपर टिपणे होती. ज्या संगीताला दारूच्या गुत्त्यातले मनोरंजन समजले जात होते, त्याला प्रथमच कोणी अभ्यासाच्या मेजावर सन्मानाने ठेवले होते.

या संकलनावर आक्षेपही घेतले गेले. काही जाणकारांचे म्हणणे असे, की त्यातील काही गाणी पेरिकोने आपल्या आठवणीतून जुळवून बसविली आहेत. मूळ गाणे तसेच होते हे कशावरून? त्या काळच्या कितीतरी श्रेष्ठ गायकांचा त्यात समावेश नाही. ‘ला निन्या दे लोस पेइनेस’ ही थोर गायिका त्यात नाही, आन्तोनियो मायरेना नाही. आणखी एक प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘आल्बोरेआ’ हे जिप्सींचे लग्नगीत. वधूच्या शीलाचा गौरव करणारे ते गीत विवाहसोहळ्याबाहेर गाऊ नये, परक्यांसमोर तर मुळीच गाऊ नये, असा त्यांचा दंडक. गायिले तर अशुभ घडते असे मानीत. संचात हे गीत आहे, आणि ते गाणारा रोमेरो स्वतः जिप्सी आहे. समाजाचे जे गुपित, ते जपण्यासाठी उघड करायचे की न उघडता हरवू द्यायचे? दोन्ही बाजूंना काही तथ्य आहे. मात्र जे केवळ एका मांडवात गाण्यासाठी होते, ते एकदा काळ्या तबकडीवर गेले की कोणाच्याही दिवाणखान्यात वाजू शकते, ही किंमत मोजावी लागतेच.

किंमत मोजून काय मिळाले, हेही पाहिले पाहिजे. माद्रिदमध्ये १९५४ साली ‘साम्ब्रा’ ही संगीतशाळा-भोजनगृहाच्या धर्तीची जागा सुरू झाली. तिथे पेरिको आणि त्याचे सहकारी रसिकांसमोर गाऊ-वाजवू लागले. १९५५ साली गोन्सालेस क्लिमेंत यांचे ‘फ्लामेंकोलोहिया’ हे पुस्तक आले. १९५६ साली कोर्दोबा शहरात गायनाची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९५८ साली हेरेसमध्ये फ्लॅमेंकोच्या अभ्यासाचे पीठ स्थापन झाले. मायरेनाने जिप्सी परंपरेची बाजू हिरिरीने मांडली, १९६२ साली त्याला ‘गायनाची सुवर्णकिल्ली’ हा बहुमान मिळाला, आणि १९६६ मध्ये त्याने आपला स्वतंत्र तीन ध्वनिमुद्रिकांचा संच काढला. एका संकलनाला दुसऱ्याने दिलेले उत्तरच ते. १९६८ साली काबाल्येरो बोनाल्द या लेखकाने आणखी एक मोठे संकलन काढले. १९८२ साली होसे ब्लास वेगा यांनी हिस्पाव्होक्ससाठी वीस ध्वनिमुद्रिकांचे महासंकलन सिद्ध केले. जिथे तीन तबकड्या होत्या तिथे वीस झाल्या. १६ नोव्हेंबर २०१० रोजी युनेस्कोने फ्लॅमेंकोची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. पेरिको ते पाहायला नव्हता; १९६४ सालीच तो माद्रिदमध्ये वारला होता.

या काळात ख्रिस्तसभेनेही पावले टाकली. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्साबलीत लोकभाषेला स्थान मिळाले आणि स्पेनमध्ये फ्लॅमेंको सुरावटींतील मिस्सा रचल्या गेल्या. १९९१ साली गिटारवादक पाको पेन्या आणि गायक एन्रिके मोरेन्ते या दोघांच्या स्वतंत्र फ्लॅमेंको मिस्सा प्रसिद्ध झाल्या. जे गाणे देवळाबाहेरच्या रस्त्यावर उभे होते, ते वेदीजवळ आले. २६ सप्टेंबर १९६५ रोजी पोप सहावे पॉल रोमजवळच्या पोमेझिया येथे जिप्सींच्या तळावर गेले आणि ख्रिस्तसभेत त्यांचे स्थान कडेला नसून हृदयाशी आहे, अशी त्यांना ग्वाही दिली. ४ मे १९९७ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सेफेरिनो हिमेनेस माया या स्पॅनिश जिप्सीला धन्यवादित घोषित केले. यादवी युद्धात, १९३६ साली, त्याला गोळ्या घालण्यात आल्या होत्या. जपमाळ त्याने हातातून सोडली नव्हती. आणि २ जून २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रुमानियातील ब्लाज येथे, जिप्सींना मिळालेल्या वागणुकीबद्दल ख्रिस्तसभेच्या वतीने त्यांची क्षमा मागितली. १७४९ साली बंद झालेले दार असे सावकाश, पण उघडले.

पेरिकोच्या संचातली साएता ऐकताना हा सगळा इतिहास मनात ठेवावा. ध्वनिमुद्रण खोलीत झालेले आहे. तिथे मिरवणूक नाही, मेणबत्त्यांचा वास नाही, सज्जाखाली थांबलेली मूर्ती नाही. गाण्याचा आकार तबकडीवर उतरला, प्रार्थना मात्र रस्त्यावरच राहिली. ती रस्त्यावर राहिली हे चांगलेच झाले, कारण ती राखण्याचे काम तबकडीचे नव्हते. ते माणसांचे होते आणि सेव्हिलमध्ये माणसांनी ते अजून सोडलेले नाही. तबकडीने केले ते इतकेच की, गाणारा गप्प झाला तेव्हा त्याची साथ करणाऱ्याने लक्षात ठेवलेले गाणे तिने पुढच्या गाणाऱ्याच्या कानांपर्यंत पोहोचविले. चाकोन गेला, पेरिकोने आठवण ठेवली, रोमेरो गायला. अशा तिघांच्या हातांतून एक परंपरा वाचली. त्यांतल्या मधल्या माणसाचे नाव सहसा कोणी घेत नाही.